वाडा पाहावा की प्रदर्शन? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या वाड्यांत आणि घरांत काही दिवसांपुरती भरणारी चरित्रपर प्रदर्शने कशी पाहावीत, तेथे काय विचारावे आणि आपल्याकडील वस्तू तेथे द्याव्यात का, या विषयावर सातारा आणि सांगली भागातून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. काही पत्रे मोठी होती, त्यांचा आशय येथे थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आमच्या पेठेतील एका जुन्या वाड्यात एका दिवंगत समाजसेवकांच्या जीवनावरील प्रदर्शन महिनाभरासाठी भरले आहे. मी सेवानिवृत्त शिक्षिका असून मैत्रिणींसह ते पाहून आले. सोप्यात आणि दिवाणखान्यात फलक लावले आहेत, काचेच्या पेट्यांत चष्मा, काठी आणि काही पत्रे ठेवली आहेत. आम्ही अर्ध्या तासात बाहेर पडलो. एक मैत्रीण म्हणाली, "हे सगळे चरित्रग्रंथात आहेच, मग येथे येऊन आपण काय मिळवले?" शिवाय ज्यांच्यावर प्रदर्शन आहे, ते या वाड्यात कधी राहिलेही नव्हते. असे प्रदर्शन नेमके कसे पाहावे? (शनिवार पेठ, सातारा)

उत्तर : आपल्या मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनीही तो स्वतःला विचारायला हवा. ग्रंथातील मजकूर मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर टांगला, तर पाहणाऱ्याचे पाय तेवढे दुखतात आणि हाती नवे काही लागत नाही. मात्र आपण वर्णन केलेल्या प्रदर्शनात पत्रे आहेत, वस्तू आहेत आणि मुख्य म्हणजे वाडा आहे. फलकांच्या गर्दीत तो वाडा पाहायचा राहून गेला असावा, असे आपल्या पत्रावरून वाटते.

माझी पहिली सूचना अशी की, पुन्हा जाल तेव्हा प्रथम फलकांकडे पाहूच नये. दिंडी दरवाज्यातून आत गेल्यावर देवडीपाशी क्षणभर थांबावे आणि येथून पुढे कोणाला जाता येत होते, हा प्रश्न मनात धरून चौक, सोपा, माजघर, परस असा सारा वाडा एकदा फिरून यावे. वाड्याची रचना ही माणसांना कोठे थांबवायचे याची रचना होती. पहारेकरी देवडीत बसत, कामासाठी आलेले लोक सोप्यापर्यंत येत, घरातल्या स्त्रियांचा वावर माजघर, स्वयंपाकघर आणि परसात असे, आणि काही जातींच्या माणसांना तर दरवाज्याबाहेरच उभे राहावे लागे. ज्या समाजसेवकांचे चरित्र आपण पाहणार आहात, त्यांनी आयुष्यभर ज्या भिंतींशी झुंज घेतली असेल, त्यांपैकी काही भिंती याच वाड्यात आपल्यासमोर उभ्या असतात. ते तेथे राहिले नव्हते म्हणून वाडा निरुपयोगी ठरत नाही, उलट तो वेगळ्या अर्थाने बोलू लागतो.

याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांचे घर आहे. फुल्यांचे मूळ घराणे आपल्याच जिल्ह्यातील, खटाव तालुक्यातील कटगुणचे, आणि सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातील नायगावात झाला, त्यामुळे सातारकरांना ते घर परके वाटू नये. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ग्रंथात हे एक वाक्य असते आणि वाचणारा ते वाचून पुढे जातो. पण घराच्या आवारात उभे राहिले, म्हणजे हौद आणि राहत्या खोल्या यांच्यात अंतर किती थोडे असे हे ध्यानात येते, आणि तो निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्यांच्या नजरेसमोर, रोजच्या रोज तो निभवावा लागला असणार हे मनाला भिडते. घर पाहिल्याशिवाय हे समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यक्तीचा आणि वास्तूचा संबंध नेमका कोणता, हे दारातच विचारून घ्यावे. जन्मघर, राहते घर, कामाची जागा, पाहुणा म्हणून उतरण्याचे ठिकाण आणि केवळ सोय म्हणून निवडलेली जागा या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुंबईचे मणिभवन गांधीजींच्या मालकीचे कधीच नव्हते. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर होते आणि १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तेथे उतरत. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, आणि ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. पुण्याचा गायकवाड वाडा लोकमान्यांनी १९०५ मध्ये खरेदी केला आणि तो पुढे केसरीवाडा झाला, म्हणजे तेथे राहणे आणि वृत्तपत्राचे काम एकाच छताखाली आले. या तिन्ही ठिकाणी पाहणाऱ्याने निरनिराळ्या गोष्टी शोधायच्या असतात. पाहुण्याच्या खोलीत त्याच्या आवडीनिवडी शोधण्यापेक्षा यजमानाने काय पत्करले हे शोधावे. भाड्याच्या खोलीत त्या काळातील मिळकत आणि काटकसर दिसते.

आपल्या साताऱ्यात तर याहून बोलके उदाहरण आहे. राजवाड्याच्या परिसरातील तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. शाळेच्या नोंदवहीतील १९१४ व्या क्रमांकासमोर ते नाव आहे आणि ७ नोव्हेंबर हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. छत्रपतींच्या राजवाड्याच्या आवारातील शाळा आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतील विद्यार्थी, या दोन्ही गोष्टी एकाच जागी उभे राहून पाहिल्या, तर त्या प्रवेशाचे वजन कळते. नोंदवहीच्या ओळीचे छायाचित्र पुस्तकात छापतात, तेव्हा बहुधा तेवढीच ओळ कापून मोठी केलेली असते. मूळ पान किंवा पूर्ण पानाची प्रतिकृती समोर असेल, तर त्या ओळीच्या वर आणि खाली असलेल्या इतर मुलांची नावेही दिसतात, आणि तो मुलगा एका वर्गात, इतर मुलांच्या शेजारी नोंदला गेला होता ही साधी पण महत्त्वाची गोष्ट लक्षात राहते.

वस्तूंच्या पेट्यांपाशी चष्मा आणि काठी पाहून लोक पुढे सरकतात, याचे कारण त्या वस्तू कोणाच्याही असू शकतात. तेथे एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे झीज. काठीची मूठ कोणत्या बाजूने गुळगुळीत झाली आहे, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधली आहे का, वहीचे कोणते पान अधिक मळले आहे. आणि पत्रे अनेक असली तरी त्यांपैकी एकच निवडून, खाडाखोडीसह, शेवटच्या सहीपर्यंत वाचावे. छापील पत्रसंग्रहात खोडलेले शब्द येत नाहीत. लिहिणाऱ्याने कोणता शब्द आधी लिहिला आणि मग बदलला, हे मूळ कागदावरच दिसते, आणि माणसाच्या स्वभावाचा इतका जवळचा पुरावा दुसरा नसतो.

शेवटी, प्रदर्शनात कोण नाही हे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयीचे कोणतेही प्रदर्शन ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे झालेली रयत शिक्षण संस्थेची स्थापना, १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेले वसतिगृह आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला मिळालेले छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव, एवढे नक्की सांगेल. पण वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी ज्यांनी अंगावरचे दागिने मोडले, त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती जागा दिली आहे, आणि ती केवळ एका छायाचित्राची आहे की त्यांच्या कामाची आहे, हे पाहिल्यावर मांडणाऱ्याची दृष्टी कळते. आपल्या पेठेतील प्रदर्शनातही घरातील स्त्रिया, सहकारी, गडी माणसे यांची नावे शोधावीत. ती नसतील, तर तेथील कार्यकर्त्यांना आदराने विचारावे. अशा ठिकाणी बसलेले कार्यकर्ते पुष्कळदा त्या कुटुंबाच्या ओळखीतले असतात, आणि फलकावर न आलेली माहिती त्यांच्याकडून मिळते. रविवारची संध्याकाळ टाळून सकाळी गेलात, तर त्यांनाही बोलायला सवड असते.

प्रश्न : माझ्या आईचे वय ८० च्या वर आहे. तिला असेच एक प्रदर्शन पाहायचे आहे, पण निम्मे प्रदर्शन माडीवर आहे आणि जिना अतिशय अरुंद आहे. तेथे एका वेळी ठरावीक माणसांनाच वर सोडतात आणि पादत्राणेही काढायला लावतात. वृद्धांची अशी अडवणूक योग्य आहे का? (यादोगोपाळ पेठ, सातारा)

उत्तर : आईंची इच्छा पुरी व्हावी असे मनापासून वाटते. परंतु माणसे मोजून वर सोडण्याला अडवणूक म्हणू नये. वाड्याची माडी तुळयांवर आणि कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरील फळ्यांवर, उभी असते. ती घरच्या माणसांच्या वावरासाठी बांधलेली असते, एका ठिकाणी दाटीने उभ्या राहणाऱ्या गर्दीसाठी नव्हे. भिंतीत गेलेली तुळईची टोके ओलीने किंवा वाळवीने पोखरली गेली, तरी बाहेरून लाकूड धडधाकट दिसते, म्हणून जाणकार आयोजक आधीच मर्यादा घालतात. ती घालणारे लोक वास्तूची आणि आपली, दोघांचीही काळजी घेत असतात. पादत्राणांबरोबर येणारी वाळू लाकडी तक्त्यांना आणि जुन्या फरशीला घासते, एवढेच त्या नियमाचे कारण. ज्यांना अनवाणी चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी कापडी मोजे ठेवणे आयोजकांना सहज जमण्यासारखे आहे आणि ते त्यांनी करावे.

जिन्याविषयी मात्र आपली तक्रार खरी आहे. वाड्यांतील जिने अनेकदा भिंतीच्या जाडीत बसवलेले, उंच पायऱ्यांचे आणि अंधारे असतात आणि त्यांत बदल करता येत नाही. म्हणूनच मूळ कागद आणि महत्त्वाच्या वस्तू तळमजल्यावर ठेवून माडीवर केवळ दुय्यम मजकूर लावावा, असे मांडणी करणाऱ्यांनी ठरवायला हवे. तसे झाले नसेल, तर आईंना चौकात किंवा सोप्यात बसवून वरच्या फलकांची छायाचित्रे मोठ्या पडद्याच्या मोबाईलवर दाखवण्याची परवानगी आयोजकांकडून आधीच घ्यावी. जाण्यापूर्वी बसायला खुर्ची आणि स्वच्छतागृह आहे का, एवढे दूरध्वनीवर विचारावे. आणि एक विनंती अशी की, आईंना त्या व्यक्तीविषयी किंवा त्या वाड्याविषयी काही आठवत असेल, तर ते तेथील वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून यावे. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांच्या दोन ओळी आयोजकांच्या दृष्टीने अभिप्रायापेक्षा फार मोलाच्या असतात.

प्रश्न : प्रदर्शनातील पत्रांची मोबाईलने छायाचित्रे काढून ती समाजमाध्यमांवर टाकली, तर त्यात गैर काय? माहिती सर्वांपर्यंतच पोहोचते ना? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, पण परवानगी घ्यावीच लागेल. पत्राचा कागद ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे मजकुराचा हक्क असतोच असे नाही. तो हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांकडे राहतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला आपल्या कायद्याने मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण दिले आहे, आणि कधीच न छापलेल्या पत्रांची मुदत तर ती प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जाते. शिवाय खासगी पत्रांत आजारपण, कर्ज, घरगुती भांडणे अशा गोष्टी असतात आणि त्यांत ज्यांची नावे येतात त्यांची मुलेनातवंडे आपल्या आसपास राहत असतात. स्वतःच्या अभ्यासासाठी परवानगीने, फ्लॅश बंद ठेवून छायाचित्र घ्यावे. समाजमाध्यमांवर वास्तूचे आणि प्रदर्शनाच्या वेळापत्रकाचे चित्र टाकलेत, तर तुमच्या मित्रांना तेथे जाता येईल.

प्रश्न : आमच्या भागात भरलेल्या एका प्रदर्शनात स्तुतीशिवाय काहीच नव्हते. काही तारखा आणि गावांचे जिल्हेही चुकलेले दिसले. हे निदर्शनास आणून दिल्यास आयोजकांना राग येतो. काय करावे? (विटा, जि. सांगली)

उत्तर : प्रथम चुकांविषयी, कारण त्यांतील काही चुका नसण्याचीही शक्यता आहे. आजचा सांगली जिल्हा पूर्वी सातारा जिल्ह्याचाच भाग होता. त्यात जवळची संस्थाने मिळवून १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे किंवा क्रांतिसिंह नाना पाटील यांचे मूळ गाव येडे मच्छिंद्र ही गावे आज सांगली जिल्ह्यात असली, तरी त्यांच्या जन्मकाळच्या कागदांत तेथे सातारा जिल्हाच लिहिलेला असणार. स्वातंत्र्यलढ्यात ब्रिटिश राजवटीला पर्याय म्हणून उभे राहिलेले जे साताऱ्याचे प्रतिसरकार म्हणून ओळखले जाते, त्याचे कुंडलसारखे महत्त्वाचे केंद्रही आज सांगली जिल्ह्यात आहे. फलक लिहिणाऱ्याने 'तेव्हाचा सातारा, आजचा सांगली जिल्हा' असे लिहिले, तर हा गोंधळ मिटतो. आपल्याकडे या साध्या गोष्टीची फार हेळसांड होते, म्हणून आपण ती सुचवावी.

तारखांचेही तसेच आहे. जुन्या मराठी कागदांत शके असतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. पौष आणि माघातील घटनांत म्हणूनच एका वर्षाची चूक सर्रास आढळते. पेशवाईतील कागदांवर सुहूर सन, म्हणजे त्या काळी वापरातली दुसरी एक कालगणना असेल, तर तेथे ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. मोडी कागदाखाली त्याचे देवनागरी लिप्यंतर दिले नसेल, तर ते मागण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे, असे मी मानतो. ज्या कागदाचा एकही शब्द पाहणाऱ्याला वाचता येत नाही, तो केवळ शोभेसाठी मांडणे हा त्या कागदावरचा अन्याय आहे.

यानंतरही जी चूक उरेल, ती अभिप्रायवहीत चारचौघांसमोर न लिहिता, आयोजकांच्या नावे वेगळे पत्र लिहून कळवावी. कोणता फलक, कोणते वाक्य, योग्य माहिती काय आणि तिला आधार कोणता, एवढेच त्यात असावे. चूक सुधारण्यास वेळ आणि खर्च लागतो हे जाणून, फलकावर दुरुस्तीची चिठ्ठी लावणे पुरेसे आहे असेही सुचवावे. अशा पत्रामुळे राग येण्याचे प्रसंग फार कमी असतात.

निव्वळ स्तुतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. प्रदर्शन बहुधा कुटुंबीय, अनुयायी किंवा त्या व्यक्तीने स्थापन केलेली संस्था भरवते, आणि कृतज्ञतेपोटी केलेल्या कामात उणिवांची यादी मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु अपयश, पराभव आणि विरोध यांना जागा न दिल्याने त्या व्यक्तीचेच नुकसान होते. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे उदाहरण घ्या. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले, काशीला पाठवले आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचे गाऱ्हाणे घेऊन रंगो बापूजी विलायतेला गेले आणि वर्षानुवर्षे तेथे खटपट करूनही त्यांना यश आले नाही. साताऱ्याच्या वैभवाची चित्रे लावून हे शेवटचे पर्व दोन ओळींत उरकले, तर महाराजांचा स्वाभिमान आणि रंगो बापूजींची निष्ठा या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्यापासून लपून राहतात. आपण आयोजकांना पत्र लिहाल, तेव्हा उणिवा का दाखवत नाही असे विचारण्याऐवजी, या व्यक्तीला विरोध कोणी आणि का केला, तिच्या हातून पूर्ण न झालेले काम कोणते, हे पुढील वेळी मांडता येईल का, असे विचारावे. त्या व्यक्तीवर प्रेम करणारा माणूसही या प्रश्नाला आनंदाने उत्तर देतो.

प्रश्न : माझे आजोबा नाट्यक्षेत्रात काम करीत होते. त्यांच्या गुरूंच्या जीवनावर एका जुन्या घरात दोन महिन्यांचे प्रदर्शन भरणार असून आयोजकांनी आमच्याकडील पत्रे, छायाचित्रे आणि हस्तलिखित वह्या मागितल्या आहेत. वस्तू खराब होतील किंवा परत मिळणार नाहीत अशी घरच्यांना भीती वाटते. त्या द्याव्यात का? (गावभाग, सांगली)

उत्तर : द्याव्यात, पण कागदोपत्री आणि मुदतीने. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या नगरीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथील नाटकाचा इतिहास बव्हंशी अशाच घराघरांतील ट्रंकांमध्ये पडून आहे, आणि तो बाहेर आला नाही तर कोणालाही कळणार नाही. गोविंद बल्लाळ देवल तर शेजारच्या हरिपूरचे. या परंपरेतील एखाद्या गुरूचे हस्ताक्षर सांगलीकरांना पाहायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे, हे घरच्यांना समजावून सांगावे.

मात्र ओळखीवर विसंबू नये. प्रत्येक वस्तूचे वर्णन, पानांची संख्या, आधीपासून असलेले डाग आणि फाटलेल्या कडा यांची यादी करावी, प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, परत करण्याची तारीख लिहावी आणि यादीवर दोन्ही पक्षांच्या सह्या असाव्यात. वस्तू कोणाच्या ताब्यात राहतील, रात्री कुलूप कोण लावणार, पेटीची किल्ली कोणाकडे, हेही त्यातच लिहून घ्यावे. आपल्या कुटुंबाचे नाव फलकावर द्यायचे की नाही, याचाही निर्णय आताच कळवावा. वह्यांतील मजकुराचा हक्क आजोबांच्या वारसांकडे असला, तरी गुरूंच्या पत्रांतील मजकुराचा हक्क गुरूंच्या वारसांकडे असतो, तेव्हा ती छापायची झाल्यास त्यांची संमती आयोजकांनी मिळवावी.

दोन महिन्यांची मुदत आपल्याला संशयास्पद वाटू नये, ती चांगली खूण आहे. प्रकाशाने कागदाचे, शाईचे आणि जुन्या छायाचित्रांचे होणारे नुकसान साठत जाते आणि भरून येत नाही. म्हणूनच संग्रहालयांत अशा वस्तूंवर सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवतात आणि ठरावीक काळानंतर त्या अंधारात परत नेतात. भर दुपारचे थेट ऊन १ लाख लक्सच्या आसपास असते. म्हणजे आपले पत्र तासभर उन्हात राहिले, तर रोज ८ तासांप्रमाणे मंद प्रकाशात २५० दिवस मांडून ठेवल्याइतका प्रकाश त्यावर पडतो. जुन्या घरात चौकातून आणि गवाक्षांतून ऊन सरकत आत येते, त्यामुळे पेटी सकाळी सावलीत असली तरी दुपारी तेथे काय होते, हे आपण स्वतः जाऊन पाहावे आणि ऊन येत असेल तर जागा बदलून घ्यावी. पेटी बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकलेली नसावी. वही उघडून ठेवायची असेल, तर तिच्या पुठ्ठ्यांना खालून आधार असावा आणि दर पंधरवड्याला पान बदलावे. कागद टाचणीने, चिकटपट्टीने किंवा डिंकाने फलकावर लावणार असतील, तर स्पष्ट नकार द्यावा. जेथे पेटीची सोय नाही, तेथे उत्तम छपाईची प्रतिकृती मांडावी आणि खाली 'प्रतिकृती' असे प्रामाणिकपणे लिहावे.

देण्यापूर्वी सर्व पानांच्या स्कॅन केलेल्या प्रती अवश्य काढाव्यात आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी, नात्यातल्या कोणाकडे तरी ठेवावी. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर गावभागातील माणसाला याचे कारण सांगायला नको. घरातील मूळ कागदही खालच्या मजल्यावर ठेवू नयेत, परंतु कौलांखालच्या माळ्यावरही नकोत, कारण तेथे उन्हाळ्यात तापते आणि पावसात गळते. वरच्या मजल्यावरील आतल्या भिंतीजवळचे कपाट उत्तम. लोखंडी टाचण्या काढून टाकाव्यात, वर्तमानपत्रांची कात्रणे पत्रांपासून वेगळी ठेवावीत, कारण त्या कागदातील आम्ल शेजारच्या कागदाला पिवळा करते. टिकण्यासाठी म्हणून काहीही लॅमिनेट करू नये, ते पुन्हा सोडवता येत नाही. एखादे बाड पाण्यात भिजलेच, तर दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा ते उन्हात न टाकता सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये कोरा टिपकागद घालून वाळवावे आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत.

प्रदर्शन संपल्यावर वस्तू परत घ्यायला शक्यतो स्वतः जावे, तेथेच बसून यादी आणि छायाचित्रांशी प्रत्येक कागद ताडून पाहावा आणि मगच मिळाल्याची सही द्यावी.